दोन्ही सारख्याच

३ फेब्रुवारी

प्रिय बुटके,

आशीर्वाद नेहमीचेच, पण आज त्यांच्या मागोमाग एक तक्रारही आहे. तक्रार तुझ्याच पेशंटची. ढब्बूचे केस जाताहेत.

दोन्ही कुशींवरचे जाताहेत, आणि गंमत म्हणजे अगदी मापात. मी आयुष्यभर कपडे बेतत आले, डावं-उजवं मला नजरेनं कळतं. डावीकडे जेवढा पट्टा उघडा पडलाय तेवढाच उजवीकडे. खरूज असती तर इथे एक चट्टा, तिथे एक चट्टा, आणि पठ्ठ्या दिवसभर खाजवत बसला असता. हा खाजवतच नाही. नुसता पडून असतो आणि माझ्याकडे बघतो.

आता दुसरं. हसू नकोस हं. गल्लीतले सगळे कुत्रे आमच्या दारात ठाण मांडून बसलेत. कुत्रे म्हणजे नर! आणि ते ढब्बूच्या मागे आहेत. मी त्याला फिरवायला बाहेर काढलं की मागून मिरवणूक. लाँड्रीवाल्याचा तो धिप्पाड काळ्या तर उंबऱ्यावरून हलतच नाही. लाँड्रीवाला म्हणतो, "बाई, तुमची मुलगी वयात आली वाटतं." मेल्याला इस्त्रीच फेकून मारणार होते, पण इस्त्री त्याच्याच हातात होती. शिवाय ढब्बू हल्ली लघवीला पाय वर करत नाही, कुत्रीसारखा खाली बसतो. पोटावरची ती बारकी बोंडं होती ना, ती शर्टाच्या बटणांएवढी फुगलीत. अगं, अजून दोन वर्षांचाही पुरता नाही तो.

शेजारीण म्हणाली, नसबंदी नीट झाली नसेल. मी तिला तिथल्या तिथे गप्प केलं. म्हटलं, माझ्या भाचीनं स्वतःच्या हातानं केली आहे. दोन वृषणांतली एक गोळी खाली उतरलेलीच नव्हती, पोटात अडकली होती. ती आत राहिली तर पुढे तिची गाठ होऊ शकते, म्हणून पोट उघडून तीही काढावी लागते, हे सगळं मला तिनं आधी समजावून सांगितलं होतं. मोठे डॉक्टर बाहेरगावी होते, तरी पोरगी डगमगली नाही. स्टुलावर उभी राहून एकटीनं केलं. आणि तुमच्या दवाखान्याची ती पद्धत, काढलेलं सगळं मालकाला दाखवायची! तू ट्रे घेऊन बाहेर आलीस, त्यात दोन गोळ्या, आणि मी अशी रडले की तुमच्या कंपाउंडरनं मला खुर्ची दिली. माझ्या बहिणीची मुलगी डॉक्टर झाली हे मला पदवीच्या कागदावरून नाही, त्या ट्रेवरून कळलं.

तर साबण सांग कुठला लावू. फोन करत नाही, कारण एक कान शिवणाच्या मशीननं खाल्ला आणि उरलेल्या कानाशी तू पुटपुटतेस. अगदीच अडलं तर शेजारणीचा नंबर तुझ्याकडे आहेच. पत्रात तू कशी स्पष्ट बोलतेस.

तुझी,
मावशी


१० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून आधी खूप हसले. लाँड्रीवाल्याला माझ्याकडून दोन शब्द जास्त सुनाव.

काळजी करू नकोस. केस असे सारखे जातात तेव्हा बहुतेक वेळा थायरॉइडची भानगड असते. सोबत गोळ्या पाठवते आहे, सकाळ-संध्याकाळ खाण्यातून दे. औषधी साबणही पाठवते, आठवड्यातून एकदा. बाकी ते नर कुत्र्यांचं वगैरे ऋतूमुळेही होतं, तू मनावर घेऊ नकोस.

पण मला वाटतं तू त्याला काही दिवसांसाठी माझ्याकडेच पाठवून द्यावंस. मी इथे निवांत तपासेन. एखादी बारीकसारीक गोष्ट असेल तर इथल्या इथे उरकून टाकेन, तुला कळायच्या आत तो परत. तू यायची गरज नाही, तुझं काम आहे मला माहीत आहे.

आणि एक ऐक, तिथल्या कुठल्या डॉक्टरकडे नेऊ नकोस. उगाच स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, मग खरा आजार झाकला जातो. मी आहे ना.

त्याच्या पोटाला हात लावला तर तो कळवळतो का? हिरड्यांचा रंग कसा आहे? नुसतं विचारून ठेवते.

तुझी,
बुटकी


२ मार्च

प्रिय बुटके,

गोळ्या चालू आहेत, साबण चालू आहे, केस जायचेही चालूच आहेत.

तू त्याला ठेवून घेते म्हणालीस ते वाचून मला इतकं बरं वाटलं. एवढ्या कामाच्या रगाड्यात असं कोण म्हणतं गं? पण आत्ता पाठवू कसा? शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर आहे, घरात पांढऱ्या कापडाचे तागे छतापर्यंत. मला सोडून तो एक घास खात नाही, आणि मला उठायला सवड नाही. काम आटोपलं की मीच घेऊन येते. पोट दाबलं तर कळवळत नाही, पण आवडतही नाही, तोंड फिरवतो. हिरड्या आधी गुलाबी होत्या, आता फिक्या वाटतात. की मलाच फिकं दिसतंय पांढरं शिवून शिवून?

आता रागावू नकोस. शेजारणीनं पिच्छाच पुरवला म्हणून चौकातल्या डॉक्टरांकडे एकदा दाखवून आणलं. दोन दोन चष्मे घालतात ते, एक डोळ्यांवर आणि एक कपाळावर. सुईसारखं काही टोचलं नाही, इंजेक्शन दिलं नाही, नुसती कातडी खरवडून भिंगाखाली बघितली. म्हणाले, किडा नाही, बुरशी नाही. मग म्हणाले, "हा सगळा प्रकार मादीच्या हार्मोनचा दिसतो. याची नसबंदी कोणी केली? दोन्ही वृषणं निघाली होती ना? नक्की?"

बुटके, माझं डोकं असं फिरलं! म्हटलं, "डॉक्टर, मी या माझ्या दोन डोळ्यांनी दोन बघितल्यात. माझी भाची करते ते चोख करते. तुम्हाला तिच्यावर शंका घ्यायची असेल तर मी हा कुत्रा उचलते आणि निघते." ते बिचारे ओशाळले. म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतः पाहिलं म्हणता तर विषयच संपला. मग दुसरीकडे शोधावं लागेल." तुझा नंबर मागत होते. मी दिला नाही. म्हातारे लोक उगाच तरुण मुलींना पिडतात. मी तुझ्यासाठी भांडायला खंबीर आहे इथे.

तुझी,
मावशी


९ मार्च

प्रिय मावशी,

तू माझ्यासाठी भांडलीस. काय लिहू? तू अशीच आहेस.

रविवारी मीच गाडी घेऊन येते. ढब्बूला घेऊन जाईन. त्याची चादर आणि खाण्याचं भांडं काढून ठेव. स्वयंपाक वगैरे मांडत बसू नकोस, मी लगेच निघेन.

तुझी,
बुटकी


२४ मार्च

प्रिय बुटके,

तुझी तब्येत कशी आहे? खरं सांग.

त्या रविवारपासून माझा जीव तुझ्यात अडकलाय. तू आलीस तेव्हा किती छान होतीस. ढब्बूनं तुझ्या अंगावर उडी घेतली, एवढा मलूल झालेला जीव पण तुला बघून शेपटीनं कपाट बडवायला लागला. मग तू स्वयंपाकघरात फरशीवर बसलीस, त्याला मांडीत घेतलंस, पोट चाचपलंस. मी चहा गाळत होते. वळून बघते तर तुझा चेहरा धुतलेल्या कापडासारखा. मी म्हटलं काय झालं गं, तर म्हणालीस, "काही नाही, गॅस आहे त्याला." चहा अर्धा ठेवलास आणि म्हणालीस आज नको न्यायला, पुढच्या वेळी नेईन. चादर, भांडं, सगळं पिशवीत भरलेलं तसंच दाराशी राहिलं. गाडीत बसल्यावर किती वेळ तू चालूच केली नाहीस. मी खिडकीतून बघत होते.

एवढं काम करू नये माणसानं. तुझ्या आईलाही कळवणार होते, मग म्हटलं ताई घाबरेल. नीट जेव. लोह कमी असेल, तपासून घे.

ढब्बूचं सांगायचं तर बरं नाही. दोन जिने चढला की बसतो. आणि काल मी गणवेशाची बाही बेतत होते, तो शेजारी येऊन बसला, आणि पांढऱ्या कापडावर लाल ठिपका पडला. मला वाटलं माझंच बोट टोचलं. मग दुसरा पडला. त्याच्या नाकातून येत होतं. पोटावरही आत रक्त साकळल्यासारखे ठिपके आहेत, टाचणीच्या डोक्याएवढे. हिरड्या आता फिक्या नाहीत, पांढऱ्या आहेत.

तू म्हणालीस गॅस आहे, म्हणून मी ओवा वगैरे काही न देता नुसतं पातळ खायला देते आहे. पण बुटके, गॅसमुळे नाकातून रक्त येतं का गं? लगेच सांग.

तुझी,
मावशी


२७ मार्च

मावशी,

हे पत्र मिळेल त्याच दिवशी ढब्बूला त्या चौकातल्या डॉक्टरांकडे ने. त्यांना सांग की पोटाची सोनोग्राफी करा, आणि रक्ताची पूर्ण तपासणी करा. पोटाची सोनोग्राफी. विसरू नकोस. थायरॉइडच्या गोळ्या बंद कर.

आत्ता मला काही विचारू नकोस. नंतर सगळं बोलू.

बुटकी


६ एप्रिल

तुझं पत्र शनिवारी मिळालं. सोनोग्राफी गुरुवारी झाली होती.

पत्र टाकलंस तू! पत्र! शेजारणीचा नंबर तुझ्याकडे आहे, तिचा फोन दिवसभर तिच्या पदराला बांधलेला असतो. कुत्र्याच्या नाकातून रक्त येतंय म्हणून मी तुला लिहिते, आणि तू तिकीट लावून पाकीट पोस्टात टाकतेस. फोन केला असतास तर मी विचारलं असतं ना, का म्हणून. पत्राला विचारता येत नाही. तेवढ्यासाठी पत्र.

आता मी सांगते, तू ऐक. बुधवारी सकाळी ढब्बू उठलाच नाही. मी आणि लाँड्रीवाल्यानं त्याला चादरीत घालून चौकात नेलं. डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. त्याच्या इंद्रियाच्या कातडीच्या आतून कापसाच्या काडीनं पुसून घेतलं, काचेवर रंग टाकून भिंगाखाली धरलं, आणि मलाच बोलावलं बघायला. म्हणाले, "बाई, या पेशी माजावर आलेल्या कुत्रीत दिसतात. नरात त्या येतात एकाच कारणानं. याच्या अंगात कुठेतरी असा एक गोळा आहे जो मादीचं हार्मोन ओततोय, आणि त्या हार्मोननं याच्या हाडातलं रक्त बनायचं थांबवलंय." मी म्हटलं, कुठला गोळा? ते म्हणाले, "वृषणाचा. पोटात राहिलेल्या वृषणाला होतो असा. म्हाताऱ्या कुत्र्यांत मी पाहिलाय, इतक्या तरुणात क्वचित. पण तुम्ही तर दोन पाहिल्यात."

मी पुन्हा भांडायला उभी! अगं, तेव्हासुद्धा! म्हटलं, हो, पाहिल्यात, देवाशपथ. त्यांनी शांतपणे विचारलं, "दिसायला कशा होत्या?" मी म्हटलं, "चांगल्या होत्या. गुबगुबीत. दोन्ही सारख्याच, एका मापाच्या."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "बाई, पोटात अडकलेली गोळी कधी दुसरीसारखी नसते. ती वाढतच नाही. बारकी, चपटी, मऊ असते. सारख्या दोन निघूच शकत नाहीत या कुत्र्यातून."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, मग तिसरी आहे का याला? विचारता विचारताच मला उमगलं, ट्रेमधली दुसरी ढब्बूची नव्हतीच. तुझ्या बाजूनं दिलेली साक्ष होती ती माझी, बुटके. सगळ्या गल्लीला दिलेली. मोठ्या तोंडानं दिलेली.

गुरुवारी मोठ्या इस्पितळात पोट बघितलं. मूत्राशयाच्या वर, मोसंबीएवढी गाठ. तू फरशीवर बसून चाचपलंस तेव्हा ती तुझ्या हाताला लागली नसेल असं मला सांगू नकोस. मी तुझा चेहरा बघितलाय. मला वाटलं पोरीचं लोह कमी झालं. तुझ्यासाठी मी काळजी करत बसले, आणि तू गाडीत बसून काय विचार करत होतीस? पळावं कसं?

लगेच ऑपरेशन करता येईना, कारण रक्तच नव्हतं अंगात. आधी रक्त चढवलं. लाँड्रीवाल्याच्या काळ्याचं. त्याच्या सगळ्या लशी झालेल्या, अंगानं दांडगा, आणि रक्त जुळलं. दारात लाळ गाळत बसायचा म्हणून मी ज्याच्यावर पाणी फेकायचे, तो टेबलावर मुकाट पडून राहिला. मग शनिवारी गाठ काढली. तेव्हाच तुझं पत्र आलं, शेजारीण इस्पितळात घेऊन आली. मी बाकावर बसून वाचलं. "पोटाची सोनोग्राफी. विसरू नकोस." काय ती काळजी!

डॉक्टर म्हणतात गाठ निघाली ती निम्मी लढाई. हार्मोननं हाडातला मगज करपवलाय. तो पुन्हा रक्त बनवायला लागला तर कुत्रा जगेल, नाही लागला तर नाही. आठवडे लागतील कळायला. "महिनाभर आधी आणला असता तर," एवढं म्हणाले आणि थांबले. मीच पुढचं बोलले, आणला होता की तुमच्याकडे. तुम्ही बरोबर विचारलं होतं. मीच तुम्हाला हाकललं.

केसानं गळा कापलास गं माझा. आणि सुरी माझ्याच हातात दिलीस.

मला फक्त एवढं सांग, त्या ट्रेमध्ये काय होतं? आणि ढब्बू एकटाच का, की आणखी कोणाला असा ट्रे दाखवलास?

मावशी


१३ एप्रिल

मावशी,

ट्रेमध्ये एक ढब्बूची होती. दुसरी सकाळी केलेल्या दुसऱ्या कुत्र्याची होती. त्याच्या मालकाला दाखवून झाल्यावर बादलीत टाकायची राहिली होती.

मी शोधली, मावशी. खूप शोधली. मूत्राशयामागे, किडनीपाशी, जिथे जिथे पुस्तकात लिहिलंय तिथे. मिळेना. ढब्बूचा श्वास मंदावला, कंपाउंडर घाबरला, मी जास्त घाबरले. पोट शिवून टाकलं. चूक ती नव्हती, हे मला मोठ्या डॉक्टरांनीही आता सांगितलं, अशी गोळी कित्येकदा सापडत नाही, मालकाला सांगायचं आणि पुन्हा बघायचं. एवढंच करायचं होतं. पण बाहेर तू बसली होतीस. गल्लीतल्या दोन मैत्रिणींना घेऊन. तू माझ्यासाठी नवी साडी नेसून आली होतीस, मावशी. दाराच्या फटीतून मला दिसत होतीस तू. मला एक गोळी घेऊन बाहेर येता येईना.

मी ठरवलं होतं, सहा महिन्यांत काहीतरी निमित्त काढून त्याला बोलवेन आणि काढून टाकेन. मग तू सगळ्यांना सांगत सुटलीस. प्रत्येक पत्रात तो ट्रे. जितकं तू सांगायचीस तितकं मला अवघड व्हायचं. असं लिहिलं की वाटतं मी तुझ्यावर ढकलते आहे. तसं नाही. पण खरं ते हेच.

तुझं फेब्रुवारीतलं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. थायरॉइड कधीच नव्हता. त्या रविवारी न्यायलाच आले होते. पण गाठ हाताला लागली, एवढी मोठी, आणि हिरड्या बघितल्या, आणि वाटलं हा माझ्या टेबलावर मरणार. मग तुला कळणार. त्या क्षणी मी ढब्बूचा नाही, माझा विचार केला. गाडीत बसून रडले आणि निघून गेले.

ढब्बू एकटाच, मावशी. आईची शपथ. त्यानंतर मी कधीच असं केलं नाही.

मी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी मला ऑपरेशनच्या खोलीतून काढलंय, कधीपर्यंत ते माहीत नाही. मी तक्रार करत नाही.

मला येऊ दे. ढब्बूला बघू दे. तू दारात उभी करून बोल, मार, काहीही कर.

बुटकी


८ मे

बुटके,

पत्र उशिरा लिहिते आहे. आधी कापड उरकायचं होतं. रक्ताचे डाग पडलेली बाही फेकून दिली, नवी बेतली.

तुला कळायला हवं म्हणून सांगते. गाठीचा तुकडा तपासायला गेला होता. वृषणातल्याच पेशींची गाठ, डॉक्टरांनी सांगितलं होतं तीच. छातीचा फोटो स्वच्छ, आतल्या ग्रंथी स्वच्छ, कुठे पसरलेली नाही. काळ्याचं रक्त दुसऱ्यांदा द्यावं लागलं. मधे एक आठवडा असा गेला की मी त्याच्याजवळ जमिनीवरच झोपत होते आणि श्वास मोजत नव्हते, नुसता ऐकत होते, माझ्या एका कानानं. मग एका सकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि स्वतःशीच हसले. मगज जागा झाला म्हणाले. आता दर आठवड्याला आकडा थोडा वर सरकतो. कुशीवर लव आलीये, सशासारखी मऊ. परवा खांबापाशी थांबला आणि पाय वर केला. तोल गेला, पडला, पण केला. लाँड्रीवाल्यानं दुकानातून टाळ्या वाजवल्या.

गल्लीत मी सगळ्यांना सांगितलं. शेजारणीला आधी. तिला मीच गप्प केलं होतं ना, म्हणून. तिनं मला पाणी दिलं. तुझ्या आईला मात्र मी सांगितलेलं नाही, ते तू सांग.

गोळी सापडली नाही, हे तू बाहेर येऊन सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, ते मी खूप दिवस मनात घोळवलं. मी म्हटलं असतं, "अगं मग काय झालं, पुन्हा शोधू." त्या दोघी मैत्रिणींना म्हटलं असतं, माझ्या भाचीनं पोट उघडून कुत्रा जिवंत परत आणला. त्याचीसुद्धा मी फुशारकी मारली असती, तू मला ओळखतेस. नवी साडी काय तेवढ्यासाठी वाया गेली असती? तू मला इतकं कमी समजलीस याचा राग येतो, बुटके. ढब्बूवरून आलेल्या रागापेक्षा हा वेगळा आहे, आणि हा कमी होत नाही.

आता तुझ्या पत्राचं. "ढब्बू एकटाच, आईची शपथ." हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. आधी तू म्हणाली असतीस की सूर्य उद्यापासून मागच्या अंगणात उगवणार आहे, तर मी कपडे तिकडे वाळत घातले असते. विचारलंही नसतं का म्हणून. आता तू आईची शपथ घेऊन लिहितेस आणि मी ते वाक्य उजेडाकडे धरून बघते, उलटसुलट करते, कापड खोटं आहे का बघावं तसं. बहुतेक खरंच असेल. पण मला कळत नाही. मला आता कधीच कळणार नाही. तू उद्या म्हणालीस की ताप उतरला, जेवले, पोचले, तरी मला कळणार नाही. ढब्बूचा मगज जागा झाला. माझं जे गेलं ते कुठल्या रिपोर्टात दिसायचं नाही.

ये. मी नाही म्हणत नाही. कुठल्याही रविवारी ये, दार उघडीन.

ढब्बू तुझ्या अंगावर उडी मारेल, हे मात्र आत्ताच सांगून ठेवते. टाक्यांच्या व्रणाची पर्वा करणार नाही. तोंड चाटेल, शेपटीनं कपाट बडवेल, तुझ्या मांडीत डोकं खुपसून त्याच जागी पोट उघडं करून पडेल. त्याला काही माहीत नाही. त्याच्यासाठी तू अजून तीच आहेस. तू रड, त्याला कुरवाळ, हवं तितका वेळ बस.

फक्त तेव्हा माझ्याकडे बघू नकोस.

मावशी